आघाडीवरून घरी आल्यावर : प्रश्नोत्तरे

प्रश्न : पती आघाडीवरून येऊन चार महिने झाले. सुरुवातीला ठीक होते. आता रात्री तीनतीनदा उठून दाराची कडी तपासतात. इतक्या उशिरा हे का?

ताई, उशिरा सुरू होणं नवल नाही. तिथे सतत सावध राहिल्यानेच जीव वाचत होता. शरीर ती सवय सहजासहजी सोडत नाही, आणि सुरुवातीच्या भेटीगाठींच्या गडबडीत ती झाकलेली राहते. असा त्रास महिन्याहून जास्त टिकला, झोप आणि नाती बिघडू लागली, तर पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाची, तपासणी करून घ्या. काहींमध्ये पूर्ण लक्षणं सहा महिन्यांनंतरही दिसतात. एक सांभाळा : ते झोपेत दचकले तर अंगाला हात लावू नका. पायाशी, थोडं लांब उभं राहून नावाने हाक मारा.

प्रश्न : दोन पेग घेतल्याशिवाय झोप येत नाही. चालेल?

नाही. डोळा लागतो, पण पहाटेकडची झोप मोडते. मात्र रोजची दारू एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : मला भीती वाटत नाही, लाज वाटते. सहकाऱ्याला मागे ठेवून निघावं लागलं.

तुम्ही हे लिहिलंत, बरं केलंत. याला नैतिक जखम म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी ती ओळखली. ‘तुझी चूक नव्हती’ असं घाईने म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्याने माणसाचं तोंडच बंद होतं. साधारण 12 बैठकांची सीपीटी (कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी) नावाची, बोलण्यातून करायची उपचारपद्धत आहे. त्या क्षणी तुम्हाला काय ठाऊक होतं आणि काय नंतर कळलं, हे त्यात सुटं करून पाहतात. आपण नसलेलं बरं, असं मनात येत असेल तर घरातलं शस्त्र आजच दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि आजच डॉक्टर गाठा.

प्रश्न : एकाच तुकडीतले दोघे. दुसरा ठणठणीत, माझा मुलगा मिटलेला. तो कच्चा आहे का?

मुळीच नाही. कोणी किती जवळून पाहिलं, आधीचे आघात किती, जखम झाली का, यावर बरंच ठरतं. परतल्यावर कोणाची सोबत मिळते, यावरही तितकंच. इराकहून परतलेल्या ब्रिटिश राखीव सैनिकांना हा त्रास नियमित सैनिकांपेक्षा जास्त झाला. ते आपापल्या गावी विखुरतात, तिथे ते दिवस पाहिलेलं कोणी नसतं. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या ब्रिटिश आणि कॅनडाच्या तुकड्यांना घरी पाठवण्याआधी सायप्रसला एकत्र थांबवत, ते उगाच नव्हे. बाबा, मुलाला प्रश्न विचारत बसू नका. त्या दुसऱ्या मुलाला चार दिवस राहायला बोलवा.