कल्चर नॉर्मल आलं, मग जुलाब कशाचे?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही इंदूरचे, राजवाड्याजवळ राहतो. मुलगा (वय १९) मित्रांबरोबर रात्री बाहेर खाऊन आला आणि जुलाब, ताप सुरू झाला. घरात मागच्या दुखण्यातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या, त्यातल्या दोन दिल्या, मग दवाखाना, स्टूल टेस्ट. रुटीनमध्ये पस सेल्स (पू-पेशी) भरपूर पण तीन दिवसांनी कल्चर आलं तर म्हणे साल्मोनेला-शिगेला हे जुलाबाचे जंतू नाहीत, नॉर्मल फ्लोरा, म्हणजे आतड्यातले नेहमीचेच जंतू. आता जुलाब थांबलेत, तरी दीर म्हणतात महागडी पीसीआर करूनच टाका. करू का?

उत्तर : ताई, त्या दोन गोळ्यांनीच घोळ केला असण्याची शक्यता मोठी. कल्चर म्हणजे जिवंत जंतू प्लेटवर वाढवायचे, गोळी आधीच पोटात गेली तर उगवणार काय? शिगेला तर इतका नाजूक की नमुन्याची डबी नुसती पडून राहिली तरी मरतो, म्हणून नमुना तास-दोन तासांत पोचवायचा, उशीर होणार असेल तर लॅबकडून कॅरी-ब्लेअरची, म्हणजे नमुन्यातले जंतू जिवंत ठेवणारी, नळी मागून घ्यायची. हे काउंटरवर क्वचितच कुणी सांगतं.

आणि नॉर्मल फ्लोरा म्हणजे जुलाबाचा जंतू नव्हताच असं नाही हो, लॅबने जे शोधलं ते सापडलं नाही, इतकंच. मॅकॉन्की नावाच्या कल्चर प्लेटवर ई. कोलाय हा आतड्यातला जंतू गुलाबी दिसतो, साल्मोनेला-शिगेला बिनरंगाचे, त्यामुळे हे दोघं वेगळे काढता येतात. पण जुलाब करणारा ई. कोलाय आणि तुमच्या-माझ्या आतड्यात निवांत राहणारा ई. कोलाय, दोघं बहुतेक सारखेच गुलाबी! कॅम्पिलोबॅक्टर या जुलाबाच्या आणखी एका जंतूचे नखरे आणखी, त्याला ४२ डिग्री आणि कमी ऑक्सिजन लागतो, मुद्दाम सोय केली नाही तर तो हाती लागत नाही. कॉलऱ्याची शंका असेल तर तीही आधी सांगायची, त्याची टीसीबीएस प्लेट वेगळी, तिच्यावर तो पिवळा उगवतो.

पीसीआर डीएनए शोधते, काही तासांत रिपोर्ट देऊ शकते आणि मेलेला जंतूसुद्धा पकडते, पण कुठलं औषध लागू पडेल हे कल्चरसारखं सांगत नाही. मुलगा बरा झालाय ना, मग दिरांना म्हणावं राहू द्या. पुन्हा ताप चढला, रक्त पडलं किंवा जुलाब आठवडाभर लांबले तर लगेच डॉक्टरकडे, आणि तेव्हा आधी नमुना, मग गोळी.

डबी मात्र लॅबचीच घ्या. आमच्याकडे एकदा लोणच्याची बाटली धुऊन आली होती, मोहरीचा वास तसाच!