मोपा विमानतळ ते केळशी: रात्रीची खासगी गाडी ठरवताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून निघणारं विमान रात्री १२:२० ला मोपाला उतरतं. रिसॉर्ट दक्षिण गोव्यात केळशीला. तुम्ही दोघं, सासू-सासरे, सात वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचं बाळ, सोबत चार मोठ्या बॅगा आणि बाळाची ढकलगाडी. गाडी हॉटेलची घ्यावी, ऑनलाइन पोर्टलवर बुक करावी, की उतरल्यावर टॅक्सी बघावी?

गाडीआधी तिकीट पुन्हा एकदा काढून बघा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळीचा, वास्कोजवळ, नौदलाच्या तळावर. त्याचा कोड जीओआय. नवा मोपाचा, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली, कोड जीओएक्स. दोन्हींमध्ये रस्त्याने साठ किलोमीटरच्या वर अंतर आहे. काही ठिकाणी मोपाचं नाव ‘नॉर्थ गोवा’ असं दिसतं, काही ठिकाणी नुसतं ‘गोवा’. गाडीच्या बुकिंगमध्ये ‘गोवा एअरपोर्ट’ एवढंच लिहिलं की ड्रायव्हर दाबोळीला उभा आणि प्रवासी मोपाला, हा घोळ सर्रास होतो. रात्री साडेबाराला त्यावर दीड-दोन तास थांबण्याखेरीज इलाज नसतो.

तिकीट अजून बदलता येत असेल तर त्याचा विचार जरूर करा. केळशी दाबोळीपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास पडते आणि मोपापासून साधारण ऐंशी. बाणावली, कोलवा, वार्का, पाळोळे, आगोंद या सगळ्यांना दाबोळीच सोयीचं. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजीला मोपा. कळंगुट-बागा-कांदोळीला फार फरक पडत नाही, मोपा थोडं जवळ. मोपाचं तिकीट माणशी हजार रुपयांनी स्वस्त दिसतं, पण गाडीचं भाडं आणि झोपेने पेंगलेलं बाळ हिशोबात धरलं की ते स्वस्त राहत नाही.

दुसरी चूक तारखेची. समजा तुम्ही १४ तारखेच्या रात्री पुण्याहून निघताय. विमान १२:२० ला उतरतं तेव्हा तारीख १५ झालेली असते. घाईत गाडी ‘१४ तारीख, रात्री १२:२०’ अशी सांगितली तर गाडी एक दिवस आधी येऊन जाते आणि पैसेही कापले जातात. म्हणून दोन्ही तारखा लिहायच्या: ‘१४ आणि १५ च्या मधली रात्र’. खोलीचं मात्र उलट आहे. खोली १४ पासून घेतलेली हवी, कारण १५ च्या बुकिंगचं चेक-इन दुपारी दोनच्या सुमारास असतं. आणि हॉटेलला रात्री तीनच्या सुमारास पोचू असं आधीच कळवा, म्हणजे उशिरापर्यंत न आल्याने बुकिंग सोडून दिल्याची नोंद पडणार नाही.

आता गाडी कोणती, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या बाबतीत खरी अडचण इथे आहे.

‘सेव्हन सीटर’ म्हणजे ड्रायव्हर धरून सात. तुम्ही सहा जण, म्हणजे एर्टिगामध्ये कागदावर बसता. पण तिसरी रांग उघडली की एर्टिगाची डिकी उरते २०९ लिटर. २४ इंची बॅग साधारण ६५ ते ७० लिटरची. गणिताने तीन बॅगा, प्रत्यक्षात उभ्या दोन, फार तर वर एक हँडबॅग. तुमच्या उरलेल्या दोन बॅगा आणि ढकलगाडी मांडीवर येणार. इनोव्हा क्रिस्टामध्ये तिसऱ्या रांगेमागे ३०० लिटर जागा आहे. तीन बॅगा उभ्या बसतात, चौथी बसत नाही. म्हणून गाडी ठरवताना ‘इनोव्हा’ एवढंच म्हणू नका. विचारा: टपावर कॅरिअर आहे का? दोरी आहे का? जून ते सप्टेंबर असेल तर ताडपत्री आहे का? गोव्यातल्या बऱ्याच टॅक्सींना कॅरिअर नसतं.

क्रिस्टातही दोन प्रकार. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली, आणि सलग बाक असलेली. तुम्हाला बाकवाली हवी: पुढे सासरे, मधे सासूबाई, तुम्ही आणि बाळ, मागे मुलगी आणि तिचे बाबा. सासू-सासऱ्यांना तिसऱ्या रांगेत बसवू नका. तिथे चढताना वाकून, एक पाय आत टाकून शरीर वळवावं लागतं, आणि गुडघे छातीपाशी येतात. पावणेदोन तास तसं बसवत नाही.

कॅरिअरवाली गाडी मिळालीच नाही तर दोन सेडान घ्या. डिझायरची डिकी साधारण ३८० लिटरची आहे, तीन माणसं आणि दोन मोठ्या बॅगा आरामात. पण गाडी सीएनजीवर आहे का हे आधी विचारा. सीएनजीची टाकी डिकीतच असते; ती असेल तर एक बॅगसुद्धा धड बसत नाही. ‘सेडान सांगितली होती, सामान का मावत नाही’ या भांडणामागे बहुतेक वेळा हीच टाकी असते. १२ सीटर टेम्पो ट्रॅव्हलरही चालेल, मात्र सहा जणांसाठी महाग पडते.

बाळासाठी टॅक्सीत चाइल्ड सीट मिळेल असं धरून चालू नका. एखाद्याने ‘आहे’ म्हटलं तर फोटो मागवा, कारण पुष्कळदा ती मोठ्या मुलाची नुसती उंच बैठक निघते. घरची सीट नेणं उत्तम. ती बांधायला मागचा बेल्ट लागतो, आणि मागच्या बेल्टची कुलपं अनेक टॅक्सींत सीट-कव्हरखाली दाबून टाकलेली असतात. पट्टा बाजूला लोंबत असतो, पण अडकवायचं लाल बटणाचं टोक सापडत नाही. ‘मागचे सगळे बेल्ट वर काढून ठेवा’ हे वाक्य आदल्या दिवशी ड्रायव्हरला पाठवलंत तर तो दिवसाउजेडी काढून ठेवतो. मध्यरात्री पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात ते जमत नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे १,००० रुपये दंड आहे. दंड बाजूला ठेवा, रात्रीच्या राष्ट्रीय महामार्गावर बाळ मांडीवर धरून नेऊच नये.

आता बुक कुठे करायचं. पुण्या-मुंबईची सवय असेल तर आधी हे मनात पक्कं करा की ओला-उबरच्या भरवशावर गोव्यात उतरायचं नाही. गोवामाइल्स हे इथलं ॲप २०१८ पासून आहे, आणि विमानतळावर टॅक्सीचे काउंटर असतात. दिवसा, दोन-तीन माणसं आणि हलकं सामान असेल तर काउंटर पुरेसा आहे: गावाचं नाव सांगायचं, पावती घ्यायची, पावतीवरचा गाडी नंबर बघून बसायचं. मध्यरात्री कॅरिअरवाली, बाकवाली क्रिस्टा काउंटरवर मिळणं हा नशिबाचा भाग. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, गाड्याही विमानतळावरून सुटतात. एकट्यादुकट्याला उत्तम, तुमच्या कुटुंबाला आणि या वेळेला नाहीत.

ऑनलाइन पोर्टल स्वस्त दाखवतं, पण पोर्टलची स्वतःची गाडी नसते. ते काम स्थानिक ऑपरेटरला देतं, तो दुसऱ्याला. तुमची ‘कॅरिअर हवं’ ही सूचना या साखळीत पुढे पोचत नाही, आणि ड्रायव्हरचा नंबर निघण्याच्या दोन-तीन तास आधी येतो. साध्या सेडानसाठी ठीक आहे. तुमच्यासारख्या नेमक्या गरजेसाठी नाही.

हॉटेलची गाडी जास्त पैसे घेते हे खरं. पण विमान लांबलं तर हॉटेलचा रात्रीचा माणूस जागा असतो आणि जबाबदारी एकाच ठिकाणी राहते. माझं मत स्पष्ट आहे: येताना हॉटेलची गाडी, किंवा हॉटेलने ज्याचा नंबर दिला त्या केळशी-वार्का भागातल्या टॅक्सीवाल्याची. तो परत आपल्याच गावी येणार असतो, रस्ता त्याच्या पायाखालचा असतो. मराठी कळलं नाही तर हिंदीत बोला.

भाड्याबद्दल एक गोष्ट समजून घ्या म्हणजे चिडचिड होणार नाही. एकतर्फी भाड्यातही गाडी रिकामी परत येण्याचा खर्च धरलेला असतो. त्यावर रात्रीचा आकार, विमानतळाचं पार्किंग, थांबण्याचे पैसे आणि जीएसटी. म्हणून ‘किती घेणार?’ असं न विचारता ‘दारात उतरेपर्यंत एकूण किती, यात काय नाही?’ असं विचारा. आगाऊ रक्कम चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका, बाकी उतरल्यावर यूपीआयने.

सगळं फोनवर ठरलं तरी लेखी एकच निरोप पाठवा आणि त्याला ‘ओके’ येईपर्यंत बुकिंग झालं असं मानू नका. मजकूर साधारण असा:

‘१४ आणि १५ तारखेच्या मधली रात्र. मोपा विमानतळ (दाबोळी नाही). विमान क्रमांक अमुक, पुण्याहून, उतरण्याची वेळ १२:२०. चार मोठे, दोन मुलं, चार मोठ्या बॅगा, एक ढकलगाडी. इनोव्हा क्रिस्टा, मधे सलग सीट, टपावर कॅरिअर आणि दोरी. मागचे बेल्ट वर काढलेले. जायचं ठिकाण: रिसॉर्टचं पूर्ण नाव, केळशी, सासष्टी तालुका, सोबत मॅपचं लोकेशन. एकूण भाडं इतकं, पार्किंग आणि रात्रीचा आकार धरून. विमान उतरल्यापासून एक तास थांबणं मोफत. ड्रायव्हरचं नाव, मोबाइल आणि गाडी नंबर १४ ला संध्याकाळी सहापर्यंत पाठवा.’

विमान क्रमांक वेळेपेक्षा महत्त्वाचा. क्रमांक असला की ड्रायव्हर स्वतः उशीर बघू शकतो. नुसती वेळ दिली तर तो १२:२० ला येतो आणि तिथूनच थांबण्याचे पैसे मोजतो. उतरल्यापासून बॅगा घेऊन बाहेर यायला अर्धा ते पाऊण तास धरा.

तालुका लिहायला सांगतो आहे त्यामागे कारण आहे. केळशी सासष्टीत, समुद्रकाठी. केळोशी मुरगाव तालुक्यात, कुठ्ठाळीजवळ. उच्चारात फरक एका मात्रेचा. केरी हे नाव तर पेडणे, सत्तरी आणि फोंडा अशा तिन्ही तालुक्यांत आहे, आणि समुद्र फक्त पेडण्याच्या केरीला. शिवाय एकाच हॉटेल साखळीची गोव्यात अनेक हॉटेलं असतात, म्हणून साखळीचं नाव पुरत नाही.

गाडी समोर आली की पाटी बघा. पिवळी पाटी, काळी अक्षरं म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली टॅक्सी. विजेवरची टॅक्सी असेल तर हिरवी पाटी, पिवळी अक्षरं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी. पांढरी पाटी आली तर बसू नका. भाड्याने माणसं नेणं त्या गाडीला चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. दारापाशी कोणी ‘तुमची गाडी मीच आणली’ म्हणाला तर त्यालाच तुमचं नाव आणि गाडीचा नंबर विचारा. आपण नाव सांगून ‘हो ना?’ असं विचारायचं नाही.

ड्रायव्हर दिसला नाही तर बाहेर पार्किंगमध्ये शोधत फिरू नका. आगमनाच्या दारापाशीच थांबा, फोन करा, न लागल्यास हॉटेलच्या रिसेप्शनला करा. वीस मिनिटांत खात्रीचं उत्तर नाही मिळालं तर काउंटरवरून दोन सेडान घ्या आणि मूळ बुकिंगवाल्याला तसा लेखी निरोप टाका. पावसाळ्यात विमान दुसरीकडे वळवलं जाऊ शकतं, कधी दाबोळीलाही. तसं झालं तर विमानाचं दार उघडण्याआधी, खाली टेकल्या टेकल्या ड्रायव्हरला फोन करा.

परतीचं वेगळं ठरवा. अनेक रिसॉर्टांच्या दारात गावातल्या टॅक्सीवाल्यांचा स्टँड असतो. बाहेरची गाडी सोडायला आली तर कोणी काही म्हणत नाही; घ्यायला आली की अडवाअडवी होते. म्हणून परतीची गाडी त्याच स्टँडवरून घ्या, आदल्या दिवशी सांगून, कॅरिअरसकट. वाटेत मडगावचा बगलरस्ता, वेर्णा, झुआरी पूल, बांबोळी, मांडवी पूल, पर्वरी, म्हापसा, धारगळ असं सगळं ओलांडायचं आहे. रात्री पावणेदोन तासांचं अंतर दिवसा अडीच तास खातं, आणि पर्वरीत उड्डाणपुलाचं काम सुरू असेपर्यंत त्यावर अर्धा तास जास्त धरा. विमान संध्याकाळी साडेपाचचं असेल तर चेक-इन काउंटर साडेचारला बंद होतो, तुम्ही साडेतीनला तिथे हव्यात, म्हणजे केळशीहून साडेबाराला चाकं हलली पाहिजेत. बॅगा टपावर बांधायला पंधरा मिनिटं जातात, तेव्हा गाडी सव्वाबाराला बोलवा.