खऱ्या बिअरप्रेमींनी मोठ्या कंपन्यांची बिअर घ्यावी का?

घ्यावी की! फक्त डोळे उघडे ठेवून. मोठ्या कारखान्याची बिअर म्हणजे पाणचट, हे अर्धंच खरं. हलकी लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली, साध्या चवीची बिअर) बनवणं भलतं अवघड, तिच्यात चूक लपवायला जागाच नसते. आयपीएमध्ये (इंडिया पेल एल, एक कडवट बिअर) हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या, कडूपणाखाली बरंच काही खपून जातं. वर्षभर प्रत्येक बाटली एकाच चवीची काढणं हे या मोठ्यांचं खरं कसब.

माझा राग चवीवर नाही, धंद्यावर आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमताने दर ठरवल्याबद्दल युनायटेड ब्रुअरीज (किंगफिशरवाले) आणि कार्ल्सबर्ग इंडियाला मिळून सुमारे ८७३ कोटींचा दंड ठोकला. कंपन्या अपिलात गेल्या. त्याच प्रकरणातली एबी इनबेव (बडवायझरवाले) मात्र आधी जाऊन माहिती दिल्यामुळे दंडातून सुटली! म्हणजे आपण ब्रँड बदलत बसलो, तरी भाव वर एकत्रच ठरत होते.

शिवाय 'क्राफ्ट' लिहिलं म्हणजे छोटा मालक, असंही नाही. शिकागोची गूस आयलंड ही क्राफ्ट ब्रुअरी २०११ मध्येच अनहॉयझर-बुशने (एबी इनबेवचीच अमेरिकी कंपनी) विकत घेतली, नाव तेच राहिलं.

मी पुण्यात असतो. बाहेर बसायचं असेल तर मायक्रोब्रुअरीत (जिथे बिअर तिथेच बनते) ताजी पितो (२००९ साली डूलालीने इथे सुरुवात केली, तेव्हापासून चंगळ आहे). घरी न्यायची तर सरळ लागर. दुकानात कंपनीपेक्षा आधी भरल्याची तारीख बघा, आणि उन्हात मांडलेली हिरवी बाटली फुकट दिली तरी घेऊ नका, वास मारते.