जपानीतले सरकार, समाज वगैरेचे कांजी शब्द डोक्यात राहत नाहीत, काय करू?

सुटे शब्द पाठ करू नका, एक कांजी (जपानीत वापरलं जाणारं, चिनी लिपीतून आलेलं अक्षर) धरून त्याची अख्खी फॅमिली एकदम घ्या. हे शब्द बहुतेक कांजींच्या जोड्या असतात, म्हणजे राज्यकारभाराचा ‘सेइ’ एकदा ओळखता आला की सेइजी (राजकारण), सेइफु (सरकार), ग्योसेइ (प्रशासन), झाइसेइ (सरकारी अर्थकारण) सगळे ओळीने येतात, आणि शाकाइ म्हणजे समाज, तेच दोन कांजी उलटे लावले की काइशा, कंपनी! एन-टूच्या (जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी) तयारीत मला हेच कामी आलं. फक्त नुसत्या उच्चारावर विसंबू नका, लिहून बघाच, कारण महापालिकेची शाळाही शिरित्सु आणि खाजगी शाळाही शिरित्सु, पहिला कांजी तेवढा वेगळा, म्हणून जपानी लोकसुद्धा बोलताना मुद्दाम इचिरित्सु आणि वाताकुशिरित्सु म्हणतात.