मुलीच्या राजीनाम्याचा मसुदा वडिलांनी लिहू नये

नमस्कार. भांडुपहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बीएस्सी आयटी झाली, एका कंपनीत सपोर्टला लागली आणि ‘दिवसभर या सर्व्हरची रिक्वेस्ट त्या सर्व्हरकडे फेल का झाली, एवढंच बघते.’ तिनं हे सोडून एमसीए करावं, असं तुमचं म्हणणं. मला खटकलं ते पुढचं वाक्य: ‘राजीनाम्याचा मसुदा मीच लिहून ठेवलाय.’ अहो, कमावत्या, सज्ञान मुलीचा राजीनामा तुम्ही कसा लिहिता? पत्रात पुतण्याच्या पॅकेजचा उल्लेख दोनदा आहे. तिला हे काम आवडतं का, हे एकदाही नाही. तो कागद फाडा आणि तिच्याशी बोला. पुतण्याचं नाव न काढता.

एमसीएचं म्हणाल तर राज्याची सीईटी, कॅप राउंड आणि दोन वर्षं. तो रस्ता पुढच्या वर्षीही खुला असेल.

तुम्ही विचारता, ‘एररचा नंबर तर कॉम्प्युटरच दाखवतो, हिचं डोकं कुठे लागतं?’ तिथेच लागतं. समजा ५०४ हा एरर आला. मधल्या सर्व्हरनं उत्तराची वाट पाहणं सोडलं, एवढंच त्यातून कळतं. एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बदल केला नसेल तर ही मुदत ६० सेकंदांची. पलीकडे काम अडलं की जरा उशिरा का होईना पूर्ण झालं, हे तो आकडा सांगत नाही. रिक्वेस्ट पैसे कापण्याची असेल आणि कुणी घाईनं पुन्हा पाठवली, तर ग्राहकाचे पैसे दोनदा जाऊ शकतात. म्हणून आधी रिक्वेस्ट आयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, धरून दोन्हीकडचे लॉग (सर्व्हरच्या नोंदी) जुळवायचे, समोरची एपीआय (रिक्वेस्ट घेणारी यंत्रणा) आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तरी काम एकदाच व्हावं यासाठीची खूण, मानते का ते पाहायचं, आणि मानत असेल तर तीच की लावून रिट्राय करायचा, म्हणजे रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची. इतकी जबाबदारी ज्या कामात आहे, त्याला तुम्ही पत्रात ‘टाइमपास’ म्हटलंय. तो शब्द तिच्यासमोर तरी वापरू नका.

पुढचं तिला वाचायला द्या.

रिक्वेस्ट लॅपटॉपवरच्या पोस्टमन या एपीआय तपासायच्या ॲपमध्ये चालते आणि सर्व्हरवरून चालत नाही, तेव्हा लॅपटॉपवर वेळ घालवू नकोस. त्याच सर्व्हरवरून कर्ल ही रिक्वेस्ट पाठवायची कमांड व्हर्बोज (सगळा तपशील दाखवणारा पर्याय) लावून चालव. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), कनेक्ट, टीएलएस (सुरक्षित जोडणी) आणि उत्तराचा पहिला बाइट यांच्या वेळा वेगवेगळ्या काढ. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं तर बहुधा त्या पोर्टवर सर्व्हिसच चालू नाही. कनेक्टलाच टाइमआउट होत असेल तर फायरवॉल आणि आयपी व्हाइटलिस्ट (परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी) आधी तपास. ४०१ (ओळख पटली नाही) आला की टोकनबरोबर सर्व्हरचं घड्याळही बघ. ४२९ ला (फार रिक्वेस्ट झाल्या) किती वेळानं पुन्हा पाठवायचं हे सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर असेल तर तेवढं थांब. आणि सीओआरएसच्या मागे लागू नकोस, एका साइटच्या पानानं दुसऱ्या साइटकडून माहिती घ्यावी की नाही, याचा तो ब्राउझरचा नियम आहे. दोन सर्व्हरांमध्ये तो येत नाही.

मात्र तुला लॉग बघायलाच मिळत नसतील, नुसती तिकिटं पुढे ढकलून बंद करावी लागत असतील, तर बाबांची काळजी रास्त आहे. टीम लीडकडे लॉगचा ॲक्सेस आणि बॅकएंड टीमसोबत काम लेखी माग. तीन महिन्यांत मिळालं नाही, तर पवई, विक्रोळी, ऐरोलीत अर्ज कर. हातात दुसरं ऑफर लेटर आलं की मग राजीनामा दे, तुझ्या शब्दांत.