शिडाच्या बोटीमागे डिंगी बांधून न्यायची तर काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे की नाशिकहून तुम्ही तिघं जाणार, मांडव्याहून मित्राच्या २८ फुटी शिडाच्या बोटीने मुरूडला, आणि किनाऱ्यावर उतरायला हवा भरायची डिंगी, म्हणजे छोटी होडी, मागे बांधून नेणार, तर दोरी कुठली घ्यायची, किती लांब ठेवायची आणि मोटर डिंगीवरच राहू दिली तर चालेल का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो भाऊ, नाही चालणार. मोटर काढून मोठ्या बोटीवर घ्या, एवढं एक ऐकलंत तरी मला बरं वाटेल.

मी नाशिकचाच, सातपूरला वर्कशॉप आहे. नाशिककराला बोटीतलं काय कळणार असं लोक विचारतात, पण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत, उतरलेला दत्तू भोकनळ आपल्या चांदवड तालुक्यातला, जिथे उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात तिथला, त्यामुळे तो प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. मी सुरुवात केली गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आणि आता सात-आठ वर्षं हिवाळ्यात एका मित्राच्या बोटीवर क्रू म्हणून जातो, अलिबाग ते दिघी हा पट्टा बऱ्याचदा झालाय.

कसारा घाटात बंद पडलेली जीप दोरीने टोचन करून आणलीये का कधी? चढाला काही वाटत नाही, दोरी ताणलेली असते, मागची गाडी मुकाट येते. उतार लागला की मागची तुमच्या बंपरवर येते, दोरी ढिली पडून रस्त्यावर घासते, मग तुम्ही जरा पुढे निघालात की खाडकन झटका. दोरी तुटते किंवा हूक उखडतो तो त्या झटक्याने, ओढण्याने नाही. डिंगीचं अगदी हेच आहे, फक्त जीपमध्ये ब्रेक दाबायला कुणीतरी बसलेलं असतं आणि डिंगीत कुणी नसतं. आणि बसवायचंही नाही, पोरं कितीही मागे लागली तरी, चालत्या बोटीमागच्या डिंगीत माणूस नको म्हणजे नको. ती उलटली तर तो दोरीखाली नाहीतर डिंगीखाली जातो आणि शिडाची बोट काय लगेच थांबत नाही.

आमच्यासोबत काय झालं ते सांगतो म्हणजे बाकीचं पटेल. जानेवारीची दुपार, रेवदंडा मागे टाकून कोर्लईच्या किल्ल्यासमोर होतो, मागून वायव्येचा वारा, लाटा मागून. डिंगी दर लाटेवरून घसरत आमच्या बोटीच्या पार जवळ यायची, मग आम्ही पुढे सरकलो की दोरीला झटका. तास-दीड तास हे बघत होतो आणि कुणीच काही केलं नाही, कारण तसं सगळं चाललेलंच होतं ना. मग डाव्या बाजूची डी-रिंग, म्हणजे दोरी अडकवायची डिंगीवर चिकटवलेली कडी, पॅचसकट सोलून निघाली, डिंगी एका रिंगवर आडवी झाली आणि दोन लाटांत काठोकाठ भरली. पावणेतीन मीटरच्या डिंगीत चार-पाचशे लिटर पाणी सहज मावतं, म्हणजे अर्धा टन, आणि ते अर्धा टन आम्ही एका रिंगवर ओढत होतो. वर मोटर डिंगीवरच होती. शेवटी बोटीचं तोंड वाऱ्यात घेतलं, वेग संपवला, डिंगी बाजूला ओढून घेतली, शीड वर चढवायची दोरी तिच्या एका कडेला बांधून विंचने, म्हणजे दोरी ओढायच्या चरकाने, कड उचलली तेव्हा पाणी सांडलं. डिंगी वाचली. मोटर खाऱ्या पाण्यात बुडाली होती, ती मुरूडला गोड्या पाण्याने धुतली, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, तरी नंतर कार्बुरेटर बदलावा लागला. त्या दिवसापासून दोरी एकदा ढिली पडून ताणताना दिसली की मी गप्प बसत नाही, लगेच काहीतरी बदलायला लावतो.

आता दोरी. नायलॉन ताण खाते, झटका पोटात घेते, पण पाण्यात बुडते आणि बुडालेली दोरी बोटीच्या पंख्यात, म्हणजे प्रॉपेलरमध्ये, जाते. पीपी म्हणजे ती पॉलिप्रॉपिलीनची निळी-पिवळी दोरी, ती तरंगते, पण गुळगुळीत असल्याने गाठ सुटते आणि उन्हात सडते. द्राक्षबागेत दोन उन्हाळे बाहेर राहिलेली पीपी हातात घेऊन चुरगळून बघा, भुसा पडतो. आम्ही आता ओढायला १२ एमएम नायलॉन वापरतो आणि तिच्यात मासेमारीच्या जाळ्याचे छोटे फ्लोट ओवलेत, दर मीटरला एक, म्हणजे ताण खाण्याचा गुण राहतो आणि ती वरही दिसते. पीपीच वापरायची असेल तर दर सीझनला नवी घ्या, रविवार कारंजाकडे मिळते, महाग नाही. जिथे दोरी बोटीच्या काठावर घासते तिथे ठिबकची जुनी १६ एमएमची नळी हातभर कापून दोरीवर चढवा. आपल्याकडे शेतात पडलेलीच असते, कोकणात मी दुकानात मागितली तर तिथला माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

डिंगीला एका रिंगला बांधून ओढू नका. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना खाली, पाण्याच्या जवळ रिंगा असतात, त्या दोन्हीतून व्ही आकाराचा दोर घ्या आणि त्याच्या टोकाला मुख्य दोरी बांधा. रिंगा वर असतील तर डिंगी नाक पाण्यात खुपसते, खाली असतील तर नाक वर राहतं. व्हीचे दोन्ही पाय सारखे हवेत, एक इंचाचा फरक असला तरी डिंगी एका बाजूला ओढ घेते. या सगळ्यापेक्षा वेगळी, जरा ढिली अशी दुसरी दोरी, डिंगीवर वेगळ्या रिंगेला आणि बोटीवर वेगळ्या क्लीटला, म्हणजे दोरी बांधायच्या खुंटीला. आमच्याकडे ती असती तर पॅच गेल्यावर डिंगी आडवी झाली नसती. पॅच गमने चिकटवलेले असतात आणि आपल्याकडच्या उन्हात पीव्हीसीचा गम हळूहळू मऊ पडतो, वरून काही दिसत नाही. निघायच्या आधी रिंग धरून जोर लावून ओढा, कड जरा जरी उठली तरी त्या डिंगीला बांधून न्यायचा विचार सोडा. स्प्रिंगवाले हूक मी वापरत नाही, पिळ बसला की उघडतात, सरळ बोलाइन, म्हणजे न आवळणाऱ्या फासाची गाठ मारा आणि शेपूट वीतभर सोडा, कारण ढिली-ताण ढिली-ताण होत राहिलं की बोलाइनही सरकते.

लांबी किती, याला कुणी ठरलेला आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका, ती वेगावर आहे. बोट चालली की मागे तिच्याच लाटांची रांग तयार होते आणि ती तुमच्याच वेगाने येत असते. ५ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) दोन माथ्यांमधलं अंतर साधारण सव्वाचार मीटर असतं, ६ नॉटला सहा मीटरच्या वर जातं, म्हणजे एका नॉटमध्ये सगळी जागा बदलली. डिंगी माथ्याच्या तुमच्याकडच्या उतारावर आली तर घसरत पुढे येते, दोरी ढिली, डिंगी डावी-उजवी नाचते. माथ्याच्या पार मागे गेली तर चढावर ओढल्यासारखं, सुकाणू जड वाटतं आणि वेग पडतो. हवी ती जागा माथ्याच्या किंचित मागे, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या लाटेवर, जिथे दोरी हलकी ताणलेली राहते आणि ढिली पडत नाही. एक माणूस मागे बसवा आणि त्याला हात-दोन हात सोड-ओढ करू द्या, दोन मिनिटांत जागा सापडते. वेग बदलला, शीड कमी केलं, की परत. सपाट पाण्यात थोडंच अंतर असेल तर याच्या उलटही चालतं, नाक उचलून बोटीच्या मागच्या कठड्याला घट्ट बांधायचं, डिंगीचा मागचा भागच फक्त पाण्यात राहतो.

आतलं सगळं काढा. वल्ही, पेट्रोलची टाकी, पंप, नांगर, चपला, सगळं. रिकामी डिंगी जोराच्या वाऱ्यात पतंगासारखी उलटते हे खरं आहे, पण म्हणून आत वजन ठेवणं हा त्यावर उपाय नाही, उलटली तर ते सगळं जातं आणि मोटर असेल तर तिची क्लॅम्प असलेली मागची फळी पण जाते. २.५ एचपीची लहान मोटर १३ ते १७ किलोची असते, एकाने खालून देऊन दुसऱ्याने वर ओढायची, आणि उचलण्याआधी तिला दोरी बांधायची. डिंगीतली हवा प्रवासाला निघायच्या आधी बघा आणि पाण्यात उतरवून अर्ध्या तासाने परत बघा, दुपारी टणक वाटलेली डिंगी थंड पाण्यात मऊ पडते आणि मऊ डिंगी मधोमध वाकते. तिचं प्रेशर साधारण ०.२५ बार असतं, म्हणजे साडेतीन पीएसआय, त्यामुळे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे नेऊ नका, पायाने मारायचा पंपच बरा.

रिव्हर्स. सगळ्यात जास्त दोऱ्या इथेच पंख्यात जातात. नांगर टाकायला किंवा जेट्टीला येताना माणूस पुढे बघत असतो, मागची दोरी डोक्यातून गेलेली असते, गिअर मागे पडतो आणि इंजिन धाडकन बंद. आमच्या बोटीवर नियम आहे, एका माणसाचं काम फक्त डिंगी. तो ती ओढून बोटीच्या बाजूला आखूड बांधतो, "डिंगी आखूड" असं ओरडतो आणि त्यानंतरच सुकाणूवाला रिव्हर्सला हात लावतो. तुम्ही तिघं आहात, कोण ते आधीच ठरवा. थळ-खांदेरीच्या बाजूला जाळ्यांचे बोये, म्हणजे खुणेचे तरंगते गोळे, खूप असतात, त्यांच्यामधून वळताना पण डिंगी आखूड घ्या, नाहीतर तुम्ही निसटता आणि डिंगी बोयाच्या पलीकडून जाते. आणि अंधार पडल्यावर मागे डिंगी नकोच, मागून येणाऱ्या मच्छीमार बोटीला ती दिसत नाही.

तुमच्या फेरीबद्दल. मांडवा ते मुरूडचा जंजिरा अंदाजे ३० नॉटिकल मैल, ५ नॉटने सहा तास, डिंगी मागे असली की अर्धा नॉट कमीच धरा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून हलका वारा असतो, पाणी सपाट, दुपारनंतर वायव्येचा सुटतो आणि दक्षिणेला जाताना तो तुमच्या पाठीवर येतो, म्हणजे नेमका घाटाचा उतार. त्यामुळे पहाटे पाचला निघा, अलिबागचा कुलाबा किल्ला लवकर मागे पडू द्या. काशीदच्या आसपास मागून लाटा वाढल्या आणि डिंगी घसरायला लागली तर दोरी लांब सोडा, आणि डिंगीच्या मागच्या बाजूला दहा-पंधरा मीटर जाड दोरी मोकळी ओढत ठेवा, ती ब्रेकचं काम करते. तरी थांबली नाही तर पाण्यातून बाहेर काढा. परत येताना वारा तोंडावर असेल, लाटा आपटतील, तेव्हा तर जंजिऱ्याजवळच्या राजापुरीच्या खाडीतून निघायच्या आधीच हवा सोडून, गुंडाळून डेकवर बांधा. पंधरा मिनिटांचं काम आहे. खरं सांगायचं तर २८ फुटी बोटीवर जातानाही हेच केलेलं मला जास्त आवडेल, पण तुम्ही बांधूनच न्यायची म्हणताय म्हणून एवढं लिहिलं. मागे एक धारदार चाकू हाताशी ठेवा, भरलेली डिंगी बोटीला धोका व्हायला लागली तर दोरी कापायला वेळ लावायचा नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, डिंगी गंगापूर धरणाला आणता आली तर आणा. ओळखीच्या एकाची मोटरबोट आहे, तिच्यामागे बांधून वेग कमी-जास्त करून बघू, लाटांची रांग आणि दोरीची जागा डोळ्यांनी दिसली की कळतं. आणि डिंगीच्या पुढच्या दोन्ही डी-रिंगांचे जवळून फोटो टाका, पॅचची कड दिसली पाहिजे.