आवाज गेला नाहीये, बदललाय

७ जून २०२४ ला बॉन जोव्ही या अमेरिकन रॉक बँडचा ‘फॉरेव्हर’ हा अल्बम आला आणि तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांमध्ये गाण्यांपेक्षा बँडचा गायक जॉन बॉन जोव्हीच्या गळ्याचीच चौकशी आहे. त्यातली तीन पत्रं या वेळी घेतेय. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिलीय, कारण त्यातलं भांडण मी स्वतःही घरी भांडलेय.

प्रश्न : ताई, आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी गुडलकला बनमस्का खायला भेटतो आणि नवा अल्बम आल्यापासून दर रविवारी एकच वाद चालूय. एक जण म्हणतो जॉन संपला, ऑपरेशननंतर आवाज परत येत नाही, अल्बममध्ये जे ऐकू येतंय ते सगळं ऑटोट्यून आहे. दुसरा म्हणतो बासष्टाव्या वर्षी एवढं गातोय हेच खूप झालं. मी बाबांच्या कॅसेटवर ‘स्लिपरी व्हेन वेट’ ऐकत मोठा झालो, त्यामुळे मला नक्की काय वाटतंय तेच कळत नाहीये, ऐकताना छान वाटतं आणि वाईटपण वाटतं. त्याला नेमकं झालं काय होतं? आणि त्याने थांबायला हवं होतं का?
— कोथरूडहून एक वाचक

उत्तर : आधी झालं काय ते सांगते, कारण अर्धं भांडण तिथेच मिटेल. आपल्या गळ्यात दोन व्होकल कॉर्ड असतात, डावी आणि उजवी, आणि आवाज निघताना त्या एकमेकींना येऊन भिडतात, सेकंदाला शंभरेक वेळा, वरच्या पट्टीत चारशेच्याही पुढे. जॉनची एक कॉर्ड बारीक होत गेली, वाळत गेली म्हण. दुसरी ठणठणीत. मग ती ठणठणीत कॉर्ड अशक्त कॉर्डला ढकलत राहते, मध्ये फट राहते आणि त्या फटीतून हवा निसटते. भाता गळायला लागलेली पेटी वाजवून बघ कधीतरी, हात दुखेपर्यंत भाता मारायचा आणि सूर मात्र अर्धाच निघतो, पुन्हा दोन मिनिटांत दमायला होतं ते वेगळंच. एप्रिल २०२२ ची अमेरिकेतली टूर तो असा गायला. त्या वेळचे व्हिडिओ बघून लोकांनी काय काय लिहिलं ते तुम्ही वाचलं असेलच, मला ते तेव्हाही क्रूर वाटलं होतं. म्हातारा झाला, रियाज सोडला, असं लिहीत होते आणि तो माणूस बिचारा एका कॉर्डवर दोन कॉर्डचं काम ओढत होता.

त्या जूनमध्ये ऑपरेशन झालं. गळ्याच्या पुढच्या कूर्चेला बारीक खिडकी पाडतात आणि तिथून आत एक छोटं इम्प्लांट बसवतात, म्हणजे अशक्त कॉर्ड मधल्या रेषेकडे सरकते आणि दुसरीला भिडू शकते. ही पद्धत जपानच्या इश्शिकी नावाच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडली. बऱ्याचदा पेशंटला जागं ठेवून करतात, बोलायला लावतात आणि आवाज ऐकत ऐकत इम्प्लांटची जागा ठरवतात, तंबोऱ्याचा दोरा सरकवून जवारी लावावी तसंच जवळजवळ. पण नीट लक्षात घे, यात फक्त कॉर्डची जागा सुधारते, तिची ताकद परत येत नाही. ती पुढे महिनोन् महिने घासून कमवावी लागते आणि कितपत येईल हे कुठलाही डॉक्टर आधी लिहून देत नाही.

आता ऑटोट्यून. स्टुडिओत सूर सरळ करता येतो, आजकाल बहुतेक सगळेच करतात. पण कॉर्ड भिडत नसेल तर आवाजात जी हवा येते, शब्दाच्या शेवटी जो दम तुटतो, तो सूर सरळ करून जात नाही. तुझ्या मित्राला हेडफोन लावून ऐकायला सांग, बहुतेक ठिकाणी शब्द पूर्ण मिटतोय, ठाम उभा राहतोय. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये म्युझिकेअर्स या कलाकारांना मदत करणाऱ्या संस्थेने त्याचा सत्कार केला तेव्हा तो ऑपरेशननंतर पहिल्यांदा लोकांसमोर गायला, शेजारी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन होता. चोवीस वर्षांचा आवाज नव्हता तो, पण स्वतःच्या पायावर उभा होता.

अल्बमबद्दल माझं मत. बारा गाण्यांतली बरीचशी त्याने मधल्या सप्तकात ठेवलीयत आणि जिथे कोरस उसळी घेतो तिथे बाकीच्यांचे आवाज भरून आहेत. काही लोकांना ही पळवाट वाटते. मला हे गाणं कळणं वाटतं. ८६ सालच्या ‘स्लिपरी व्हेन वेट’मधलं आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं ते प्रार्थनेचं गाणं, ‘लिव्हिंग ऑन अ प्रेयर’, घे, शेवटच्या कोरसला ते कोमल गंधाराला नवा षड्ज धरून वर उडी मारतं, चोविसाव्या वर्षी त्याने ते सहज केलं असेल पण पुढची जवळजवळ चाळीस वर्षं रोज रात्री तीच उडी मारत राहणं म्हणजे काय ते जरा स्वतः गाऊन बघा. एड शीरनबरोबर लिहिलेलं गाणं मला फार आवडलं नाही, गोड आहे, विसरायला होतं. पण मुलीच्या लग्नासाठी लिहिलेलं जे गाणं आहे ना, तिथे मी थांबले. तिथे आवाज थोडा खरखरीत होतो, आणि बाप लेकीला निरोप देताना आवाज तसाच होतो. तरुणपणीच्या त्या चकचकीत आवाजात हे गाणं खोटं वाटलं असतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

आपल्याकडे बघ ना. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर आवाज पातळ, उंच आहे, मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज इतका भारदस्त झाला की नवखा माणूस पुरुषाचा समजेल, आणि त्याच आवाजाने त्यांनी आपल्या सवाईचा मंडप वर्षानुवर्षं भारून टाकला. कुमार गंधर्वांना क्षय झाला, एक फुफ्फुस निकामी, पाचेक वर्षं गाणं बंद, देवासला अंथरुणावर. स्ट्रेप्टोमायसिन आलं म्हणून वाचले. परत आले ते छोट्या छोट्या, उसळणाऱ्या तानांचं गाणं घेऊन. त्यांना कोणी म्हणालं असतं का की पूर्वीसारखी लांब तान येत नाही तर थांबा?

थांबायचं की नाही हे तो स्वतःच सांगतोय आणि फार प्रामाणिकपणे सांगतोय. रोज अडीच तास, आठवड्यात चार दिवस गाता आलं तरच टूर, नाहीतर नाही. अल्बम आला तेव्हा, २०२४ मध्ये, त्याने टूर जाहीर केलेली नव्हती. २०२४ मध्येच आलेल्या चार भागांच्या डॉक्युमेंटरीत तर त्याने तो वाईट गातानाचा काळही झाकला नाहीये, कॅमेऱ्यासमोर ठेवलाय. तेवढं धैर्य पुरे आहे, आपण त्याला निवृत्तीची तारीख द्यायची गरज नाही. आणि तुला छानपण वाटतं, वाईटपण वाटतं म्हणालास ते दोन्ही बरोबर आहे रे, पंचाचं सोंग घेऊन त्यातलं एक निवडू नकोस. बाबांना मात्र हा अल्बम ऐकव, त्या लग्नाच्या गाण्यापासून सुरुवात कर.

प्रश्न : मी मेडनवाला, २००७ ला रात्रभर बसने बेंगळुरूला जाऊन पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन बघितलेला माणूस. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन, त्याला तर कॅन्सर झाला होता, तरी तो पूर्वीसारखाच गातो. मग जॉनला का जमत नाहीये?
— पिंपरीहून

उत्तर : कारण आजार वेगळे, जागा वेगळी. ब्रूसची गाठ जिभेच्या मुळाशी होती, व्होकल कॉर्डवर नाही. तेहतीस वेळा रेडिएशन आणि केमो झाली, मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी कॅन्सर गेल्याचं सांगितलं. त्या सप्टेंबरला आलेला ‘द बुक ऑफ सोल्स’ तर आजार कळायच्या आधीच रेकॉर्ड झाला होता, त्यामुळे त्यावरून उपचारानंतरचा आवाज जोखू नका, त्यासाठी २०१६ पासूनच्या लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. दोघांची तुलना करून एकाला शूर आणि दुसऱ्याला कमजोर ठरवू नका प्लीज. आणि ब्रूसचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे झालेला होता, त्याची लस मिळते, मुलग्यांनाही देता येते, घरात मुलं असतील तर बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारा.

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या बँडमध्ये गाते, ऑगस्टमध्ये गिग आहे, आणि ढोल-ताशा पथकातपण आहे, रोज संध्याकाळी नदीपात्रात प्रॅक्टिस. महिना झाला आवाज बसलाय. आई म्हणते ज्येष्ठमध चघळ, बँडमधले म्हणतात रॉक आवाज झालाय, छान आहे. जॉनचं वाचून भीती वाटायला लागलीय.
— सदाशिव पेठेतून

उत्तर : जॉनला झालं तसं तुला झालं असेल याची शक्यता फारच कमी आहे, तेवढी भीती काढून टाक. पण एक महिना म्हणजे खूप झाला गं. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर ईएनटीकडे जायचं आणि दुर्बीण घालून कॉर्ड बघून घ्यायच्या, पाच-दहा मिनिटांचं काम असतं, याला दुसरा पर्याय नाही. ओरडून ओरडून कॉर्डवर छोट्या गाठी येतात, त्या लवकर सापडल्या तर बहुतेक वेळा विश्रांती आणि व्हॉइस थेरपीने जातात, ऑपरेशनपर्यंत जावं लागत नाही. त्यावर तशीच गात राहिलीस तर मात्र त्या घट्ट होत जातात. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटेल पण ते कॉर्डपर्यंत पोचत नाही, कारण गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं.

दाखवेपर्यंत गाणं बंद. कुजबुजणंपण नको, त्याने कॉर्डवर ताण कमी होत नाही, सारखं खाकरणं नको, आणि पाणी भरपूर पी. रात्री उशिरा तिखट खाऊन लगेच आडवी होत असशील तर ते थांबव, ॲसिड वर येऊन कॉर्ड भाजतात. बँडमधल्यांना सांग, छान काही नाहीये, सूज आहे ती. गिग पुढे ढकलता येत नसेल तर गाणी दोन स्वर खाली घ्या, गिटारवाल्याला सांगितलं की तो करतो, किंवा एखाद्या मैत्रिणीला तुझी गाणी गायला उभी करा.

पथक सोडू नकोस. ढोलाला गळा लागत नाही, पण दीडशे ढोलांच्या आवाजात शेजारणीशी बोलायला, सूचना द्यायला तू जे ओरडतेस ना, तिथेच सगळं बिघडतंय असं मला वाटतं. कानात बोळे घाल, हाताने खुणा कर आणि सूचना द्यायच्या असतील तर शिट्टी घे. दुर्बिणीत काय दिसलं ते मला कळव, मी वाट बघतेय.